आता मुदत तुम्हाला

इकोवासच्या राष्ट्रप्रमुखांनो, पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायाच्या नावाने तुम्ही गेली पस्तीस वर्षं शेजाऱ्यांना मुदती देत आला आहात. अमुक तारखेच्या आत खुर्ची सोडा, तमुक दिवसापर्यंत कोंडलेल्या अध्यक्षाला मोकळं करा, नाही तर आमची फौज सरहद्द ओलांडेल. आज एक मुदत तुम्हाला दिली जाते आहे. पुढच्या शिखर परिषदेच्या आत ठरवा, की तुमचं शांतिसैन्य लोकांनी दिलेल्या मताच्या रक्षणासाठी आहे की तुमच्या खुर्च्यांच्या. नुसता ठराव चालणार नाही. त्याखाली सह्या हव्यात, आणि त्या सह्यांनी सगळ्यात आधी तुमचेच हात बांधले गेले पाहिजेत. हे केलं नाहीत तर यापुढच्या तुमच्या कोणत्याही धमकीला बराकीतला साधा कॅप्टनही भीक घालणार नाही, आणि जिला वाचवायला तुम्ही निघाल ती जनताच तुमच्या फौजेला अडवायला रस्त्यावर येईल. नायजरच्या राजधानीत, नियामेत, हे एकदा घडून गेलं आहे.

३० जुलै २०२३ रोजी तुम्ही अबुजात जमलात. चार दिवस आधी नायजरच्या अध्यक्षांचं रक्षण ज्या दलाकडे होतं त्याच दलाच्या प्रमुखाने, जनरल अब्दुरहमान चियानी यांनी, अध्यक्ष मोहम्मद बझूम यांना राहत्या घरात कैद केलं होतं. तुम्ही सात दिवस दिलेत. बझूम यांना पदावर परत बसवा, नाही तर बळाचा वापरही होऊ शकतो, असं बजावलंत. त्या सात दिवसांत काय झालं ते क्रमाने आठवा. दुसऱ्याच दिवशी माली आणि बुर्किना फासोच्या लष्करी राजवटींनी जाहीर केलं, की नायजरवर चाल करणं म्हणजे आमच्याशी युद्ध पुकारणं. तुमचे तेव्हाचे अध्यक्ष बोला टिनुबू यांच्या स्वतःच्या देशात, नायजेरियात, सिनेटने सांगितलं की लष्करी मार्ग सोडून बाकीचे सगळे मार्ग बघा. ते सांगणारच होते. नायजेरियाची सात राज्यं नायजरला लागून आहेत. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना हौसा बोलणारी, एकमेकांत सोयरिकी असलेली, एकाच आठवडी बाजाराला जाणारी माणसं राहतात. त्यांच्या दारात रणगाडे न्यायचे तर आधी त्यांच्या प्रतिनिधींना विचारायला हवं होतं. तुम्ही आधी धमकी दिलीत आणि मग विचारायला गेलात.

६ ऑगस्टला, मुदत संपायच्या दिवशी, नियामेच्या स्टेडियममध्ये हजारो लोक बंडवाल्यांच्या जयजयकारासाठी गोळा झाले. ते स्टेडियम सेनी कुंचे यांच्या नावाचं आहे, १९७४ मध्ये बंड करून सत्ता घेतलेल्या जनरलचं. मुदत उलटली. १० ऑगस्टला तुम्ही राखीव फौज सज्ज करण्याचा हुकूम काढलात. त्या फौजेतला एक शिपाईही पुढे सरहद्दीपलीकडे गेला नाही. गेला नाही हे माझ्या मते बरंच झालं, कारण गेला असता तर बझूम यांचा जीव आधी गेला असता आणि तीन देशांत आग लागली असती. पण जी लढाई तुम्ही लढणार नव्हता तिची तारीख जाहीर करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला होता?

लढाई झाली नाही, शिक्षा मात्र झाली. बेनिनच्या उत्तर टोकाला मालानव्हील नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथल्या पुलावरून नायजर नदी ओलांडली की पलीकडे नायजरमधलं गाया. नायजरला समुद्र नाही. त्याचा बराचसा माल कोटोनू बंदरात उतरतो आणि याच पुलावरून आत जातो. तुम्ही सरहद्दी बंद केल्यात आणि मालानव्हीलच्या रस्त्यावर ट्रकांच्या कित्येक किलोमीटर लांब रांगा लागल्या. ड्रायव्हर ट्रकच्या सावलीला चटया टाकून आठवडेच्या आठवडे पडून राहिले. नाशवंत माल कुजला. संयुक्त राष्ट्रांचं मदतीचं धान्य आणि पोषण आहारही त्याच रांगेत अडकला. ज्याला जमलं त्याने रात्री लाकडी होड्यांतून पोती पलीकडे नेली आणि दुप्पट भाव लावला. नायजेरियाने वीज तोडली. नायजरची सत्तर टक्के वीज तिथूनच येत होती. अंधार झाला तो झिंदर आणि माराडीतल्या दवाखान्यांत, पिठाच्या गिरण्यांत. जनरलांच्या घरी जनरेटर होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि २४ फेब्रुवारी २०२४ रोजी तुम्ही हे निर्बंध उठवलेत तेव्हा बदल्यात काय मिळालं होतं? काहीही नाही. बझूम कैदेतच होते. त्याच्या महिनाभर आधी नायजर, माली आणि बुर्किना फासो या तिघांनी तुमचा समुदाय सोडत असल्याचं जाहीर केलं होतं, आणि २९ जानेवारी २०२५ रोजी ते रीतसर बाहेर पडले. १९७५ मध्ये लागोसच्या करारावर सह्या करून उभ्या राहिलेल्या घरातून एका पोकळ धमकीने तीन भाऊ तोडले.

तुमच्याच समुदायाच्या न्यायालयाने १५ डिसेंबर २०२३ रोजी बझूम यांना सोडण्याचा आणि पदावर परत आणण्याचा आदेश दिला होता. २०२४ गेलं, २०२५ गेलं, तो आदेश कागदावरच राहिला. ज्या माणसासाठी तुम्ही युद्धाची भाषा केलीत त्याचं नाव हळूहळू तुमच्या निवेदनांच्या शेवटच्या परिच्छेदात गेलं. याची लाज वाटायला हवी.

कुणी म्हणेल, धमक्यांनी काहीच होत नाही असं कसं, गांबियात तर झालं. झालं, आणि ते का झालं हे तुम्ही विसरलात म्हणून इथे सविस्तर सांगणं भाग आहे. याह्या जामे १९९४ पासून बावीस वर्षं गांबियावर राज्य करत होते. १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत अडामा बॅरो यांनी त्यांना हरवलं. जामेंनी आधी पराभव मान्य केला, आठवड्याभरात शब्द फिरवला. तेव्हा तुम्ही काय केलंत? आधी चार राष्ट्रप्रमुख बांजुलला गेले आणि समोर बसून बोलले. मग सेनेगलच्या नेतृत्वाखाली खरोखरची फौज जमवली, ती खरोखर सरहद्दीवर नेली, आकाशात नायजेरियाची विमानं आणली. जामेंची मुदत संपली त्या दिवशी, १९ जानेवारी २०१७ रोजी, डाकारमधल्या गांबियाच्या दूतावासाच्या एका लहानशा खोलीत, दाटीवाटीने उभ्या असलेल्या लोकांसमोर बॅरो यांनी शपथ घेतली. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने एकमताने त्यांच्या बाजूने ठराव केला. संध्याकाळी सेनेगलचे सैनिक आत शिरले आणि थोड्याच वेळात थांबले, बोलणाऱ्यांना शेवटची संधी मिळावी म्हणून. गांबियाच्या लष्करप्रमुखाने आधीच सांगून टाकलं होतं, की या मूर्खपणाच्या लढाईत मी माझे सैनिक घालणार नाही. २१ जानेवारीच्या रात्री जामे विमानात बसले आणि देश सोडून गेले.

गांबिया तीन बाजूंनी सेनेगलने वेढलेला चिमुकला देश, त्याचं सैन्य लहान, हे खरंच. पण निर्णायक गोष्ट दुसरी होती. तिथल्या लोकांनी ज्याला निवडून दिलं त्याच्यासाठीच ही फौज येते आहे, हे प्रत्येक गांबियन माणसाला कळत होतं. तुमच्या बंदुकीमागे मतपेटी उभी होती.

ती मतपेटी तुम्ही स्वतःच किती जपता? मे २०१५ मध्ये अक्राच्या शिखर परिषदेत एक प्रस्ताव तुमच्यापुढे होता: कोणत्याही सभासद देशात कुणीही दोन मुदतींपेक्षा जास्त काळ अध्यक्ष राहू नये. टोगो आणि गांबियाने विरोध केला आणि तुम्ही तो प्रस्ताव बाजूला ठेवलात. म्हणजे ज्या जामेंच्या हट्टापुढे तुम्ही २०१५ मध्ये मान तुकवलीत, त्यांनाच हुसकायला दोन वर्षांच्या आत तुम्हाला फौज पाठवावी लागली. यातून तरी शिकायला हवं होतं. २०२० मध्ये गिनीत अल्फा काँडे यांनी राज्यघटना बदलून तिसरी मुदत घेतली, माणसं रस्त्यावर मारली गेली, तुम्ही गप्प. वर्ष उलटतं न उलटतं तोच, सप्टेंबर २०२१ मध्ये, कर्नल ममादी दुम्बुया यांनी त्यांना उचललं आणि कोनाक्रीत लोक नाचले. त्या क्षणी तुम्हाला राज्यघटनेची आठवण झाली. आयव्हरी कोस्टमध्ये अलासान वतारा यांनी २०२० मध्ये तिसरी आणि २०२५ मध्ये चौथी मुदत घेतली. टोगोत १९६७ पासून बाप आणि मग लेक एवढेच राज्यकर्ते झाले, आणि २०२४ मध्ये घटना अशी बदलली गेली की फोर न्यासिंगबे यांना मुदतीची मर्यादाच उरली नाही. आणि ज्या बॅरोंसाठी तुम्ही फौज हलवलीत त्यांनीही २०२६ च्या निवडणुकीला तिसऱ्यांदा उभं राहायचं जाहीर केलं आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय लावून शांतिसैन्य चालवता येत नाही. २००१ मध्ये डाकारला तुम्हीच लोकशाही आणि सुशासनाचा करार केलात, घटनाबाह्य मार्गाने मिळवलेली सत्ता अजिबात चालणार नाही असं लिहून दिलंत. रणगाड्यावर बसून घटना मोडणारा आणि सभागृहात बसून घटना पिळणारा, दोघेही त्या करारात बसत नाहीत. तुम्ही मात्र पहिल्यालाच गुन्हेगार ठरवता, कारण दुसरा तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो.

हा रोग जुना आहे. १९९८ च्या फेब्रुवारीत तुमच्या इकोमॉग फौजेने फ्रीटाऊन बंडखोरांच्या हातून सोडवलं आणि मार्चमध्ये सिएरा लिओनचे निर्वाचित अध्यक्ष अहमद तेजान कब्बा परत आले. चांगली गोष्ट झाली. पण त्या मोहिमेचा कणा होता नायजेरिया, आणि नायजेरियावर तेव्हा सानी अबाचा या हुकूमशहाची सत्ता होती. १९९३ ची निवडणूक जिंकणारे मोशूद अबिओला त्याच वेळी अबाचाच्या कैदेत होते. त्या कैदेतच जुलै १९९८ मध्ये ते गेले. शेजारच्या देशात लोकशाही बसवणारा हात स्वतःच्या घरात तिचा गळा दाबत होता, आणि समुदायातल्या एकानेही त्याला जाब विचारला नाही.

त्याच्याही मागे जा. ऑगस्ट १९९० मध्ये इकोमॉग मन्रोव्हियाच्या बंदरात उतरलं तेव्हा लायबेरियाचे लोक उपाशी होते आणि जगातलं दुसरं कुणीही त्यांच्यासाठी येत नव्हतं. ते ऋण कुणी नाकारत नाही. पण फौज उतरली तेव्हाच समुदाय फुटलेला होता: आयव्हरी कोस्ट आणि बुर्किना फासोचा हात बंडखोर नेता चार्ल्स टेलरच्या पाठीवर, तर नायजेरिया अध्यक्ष सॅम्युएल डो यांच्या बाजूचा. ९ सप्टेंबरला डो स्वतः इकोमॉगच्या मुख्यालयात, बंदरातच, सेनापतींना भेटायला आले. पाठोपाठ दुसरा बंडखोर, प्रिन्स जॉन्सन, याची टोळी आत घुसली, डो यांच्या अंगरक्षकांना तिथेच गोळ्या घातल्या आणि डो यांना उचलून नेलं. हे सगळं शांतिसैनिकांच्या डोळ्यांदेखत झालं. मग त्यांचे हाल करून त्यांना मारलं आणि त्याची व्हिडिओ फीत बाजारात फिरली. डो यांचे हात रक्ताने माखलेले होते, हे मान्य. पण शांतिसैन्याच्या छताखालून माणूस ओढून नेता येतो हे त्या दिवशी त्या प्रदेशातल्या प्रत्येक टोळीवाल्याला समजलं, आणि पुढची तेरा वर्षं लायबेरियाने त्याची किंमत मोजली.

तुमच्या सैनिकांच्या वागण्याचाही हिशेब राहिला आहे. ६ जानेवारी १९९९ रोजी रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंटचे (आरयूएफ) बंडखोर फ्रीटाऊनमध्ये घुसले, लोकांचे हात तोडले, घरं माणसांसकट पेटवली. इकोमॉगचे शेकडो नायजेरियन जवान ते शहर परत मिळवताना मेले. त्यांना मी सलाम करतो. पण त्याच मोहिमेत संशयावरून पकडलेल्यांना रस्त्यातच गोळ्या घातल्या गेल्या, त्यांत पोरंही होती. मन्रोव्हियातली लूटही विसरली गेलेली नाही. यासाठी कुणाला शिक्षा झाल्याचं तिथल्या लोकांनी पाहिलं नाही.

आणि इथे आमचा संबंध येतो. इकोमॉगच्या जागी संयुक्त राष्ट्रांची फौज आली तेव्हा तिचे पहिले सेनापती भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली होते. २००० च्या मे महिन्यात आरयूएफने शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहुनमध्ये गोरखा रायफल्सच्या दोन कंपन्या सुमारे पंचाहत्तर दिवस वेढ्यात होत्या. जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करून, भर पावसात, त्यांना बाहेर काढलं गेलं. त्यानंतर जेटलींचा अहवाल फुटला. तुमच्यातल्या सगळ्यात मोठ्या देशाचे अधिकारी हिऱ्यांच्या धंद्यासाठी बंडखोरांशी संधान बांधून आहेत, असा आरोप त्यात होता. नायजेरियाने तो फेटाळला. त्याची खुली चौकशी करण्याऐवजी जेटलींवरच दबाव आला आणि भारताने आपली तुकडी परत बोलावली. ज्या नायजेरियन सैन्याची काडुनाची प्रबोधिनी १९६४ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांनी उभी केली, जिचा पहिला प्रमुख भारतीय ब्रिगेडियर होता, त्या सैन्याशी आमचं नातं असं तुटावं हे आम्हाला अजून सलतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये नायजरच्या तिलाबेरी भागातून झारखंडचे पाच मजूर पळवले गेले. जुलैमध्ये मालीतल्या कायेस इथल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय. साहेलमधली अराजकता आमच्या खेड्यांतल्या घरांपर्यंत येऊन पोहोचते. म्हणून या इशाऱ्याचा अधिकार आम्हाला आहे.

अगदी अलीकडचं घ्या. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी गिनी-बिसाऊत लष्कराने सत्ता घेतली, अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी. तुमची तुकडी त्या देशात आधीपासून तैनात होती. मतं मोजली जात होती आणि तुमच्या डोळ्यांसमोर निकालच नाहीसा झाला. तुम्ही निवेदन काढलंत. बरोबर अकरा दिवसांनी, ७ डिसेंबरला, बेनिनमध्ये काही सैनिकांनी टीव्हीवर येऊन बंडाची घोषणा केली, आणि काही तासांत नायजेरियाची विमानं कोटोनूवर होती, चार देशांचे सैनिक निघाले होते, बंड मोडलं. मोडलं ते योग्यच. पण मग बिसाऊच्या मतदाराने काय पाप केलं होतं? बेनिनचे तेव्हाचे अध्यक्ष पात्रिस तालों तुमचे निकटचे, बोलावणं करायला जागेवर होते, आणि बंड नायजेरियाच्या उंबरठ्यावर होतं. बिसाऊत वाचवायचं होतं ते फक्त लोकांचं मत. त्याच बेनिनमध्ये महिनाभर आधी घटना बदलून अध्यक्षांची मुदत पाचावरून सात वर्षं केली गेली, प्रमुख विरोधी पक्षाचा उमेदवार २०२६ च्या निवडणुकीतून बाद झाला, तेव्हा मात्र कुणाचं विमान उडालं नाही आणि निवेदनही निघालं नाही.

वर्दीतल्या सत्ताधीशांनो, यातून तुम्ही हुरळून जाऊ नका. सुरक्षा आणतो म्हणून आलात आणि २०२५ च्या शरदात मालीची राजधानी बामाकोला जिहादी टोळ्यांनी इंधन बंद केलं, पेट्रोलअभावी मालीतल्या शाळा मिटल्या. संक्रमणकाळ म्हणालात आणि मालीचे गोईता, बुर्किना फासोचे त्राओरे, नायजरचे चियानी या तिघांनीही स्वतःला पाच-पाच वर्षं वाढवून घेतली. दुम्बुयांनी निवडणूक लढवणार नाही असा शब्द दिला होता, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते उमेदवार म्हणून उभे राहिले. टाळ्या वाजवणारे लोक तुमचे कायमचे नाहीत. बझूम आणि त्यांच्या पत्नीला सोडा. कैद्याला ढाल बनवून राज्य करणाऱ्याला देशाचा रक्षणकर्ता म्हणवून घेता येत नाही.

इकोवासच्या प्रमुखांनो, तुमच्याकडून काय हवं ते स्पष्ट ऐका. २०१५ मध्ये गुंडाळलेला दोन मुदतींचा नियम पुढच्या परिषदेत मंजूर करा, आज खुर्चीवर असलेल्यांनाही तो लागू करा. सही न करणाऱ्या देशाला शांतिसैन्याच्या निर्णयात मत नको. फौज पाठवायची धमकी देण्याआधी फौज देणाऱ्या प्रत्येक देशाच्या संसदेची संमती घ्या, आणि ती मिळाली नाही तर तारीख उच्चारू नका. अन्न, औषध आणि वीज यांवर पुन्हा कधीही बंदी घालू नका. निर्बंध घालायचे ते जनरलांच्या बँक खात्यांवर आणि विमानप्रवासावर घाला. आपल्या न्यायालयाचे आदेश स्वतः पाळा. आणि मन्रोव्हिया-फ्रीटाऊनपासूनच्या तुमच्या सैनिकांच्या गुन्ह्यांची चौकशी तिथल्याच लोकांसमोर उघड्यावर करा.

यातलं काही झालं नाही तर आमच्या बाजूने काय होईल तेही ऐका. सप्टेंबर २०२३ मध्ये आफ्रिकी महासंघाला जी-२० मध्ये जागा मिळाली ती दिल्लीत मिळाली. भारत तुमच्या देशांना कर्ज देतो, तुमच्या अधिकाऱ्यांना आमच्या संस्थांत शिकवतो. कोणत्या राजवटीच्या सैन्याला आपण प्रशिक्षण देतो आहोत, हा प्रश्न आमच्या खासदारांनी संसदेत विचारावा म्हणून आम्ही त्यांच्या दारात बसू. वाचकांनो, तुमच्या खासदाराला आजच पत्र लिहा. मराठी वर्तमानपत्रांनो, या फौजेचा उल्लेख करताना तिला शांतिसैन्य म्हणायचं की नाही, हे त्या परिषदेनंतर ठरवा.

पुढच्या परिषदेच्या समारोपाचं निवेदन निघेल तेव्हा त्यात दोन मुदतींचा नियम असेल किंवा नसेल. ही मुदत वाढवून मिळणार नाही.